तेरा बाय तेरा

यंत्र रात्री चालवू नका, अशी चिठ्ठी
वीबके हार्म्सने गल्लीतल्या प्रत्येक टपालपेटीत टाकली होती.
मी ती वाचली, आणि तिच्याच पाठीवर
बटाटे, बल्ब, दाढीची पाती
असं लिहून बाजारात गेलो.

गवत कापणारं माझं यंत्र, कासवाएवढं, मुकाट,
रात्रभर आपणहून फिरायचं अंगणात.
कौतुक होतं मला त्याचं.
सप्टेंबरातल्या एका पहाटे ते कोपऱ्यात अडून बसलं होतं
आणि शेजारी काट्यांचा एक गोळा,
एका बाजूने उघडा.

इगेल पळत नाही.
भीती वाटली की स्वतःतच शिरतो.
कोल्ह्यापुढे हे चालतं,
घुबडापुढे कधी चालतं, कधी नाही.
पात्याला काटे टोचत नाहीत.

निळ्या टॉवेलात गुंडाळून नेला.
हेल्मा गेल्यापासून तो टॉवेल मी घडी मोडून पाहिला नव्हता.
वीबकेने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
पिठाच्या वजनकाट्यावर ठेवला.
"दोनशे ऐंशी. पाचशेच्या आत
हिवाळा निघत नाही."
मला वाटलं, आता चिठ्ठीचं काढेल.
ती म्हणाली, "दिवा धरा. हलवू नका."
आणि जखमेतली माशीची अंडी चिमट्याने वेचत बसली,
तांदूळ निवडावेत तशी,
तासभर.

तिच्या न्हाणीघरात अकरा खोकी.
प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर वजनं, एकाखाली एक.
बेकरीवाल्याची पोर डब्यातून अळ्या आणते,
निवृत्त बसचालक डेटलेफ रात्री दोनचं औषध सांभाळतो,
कोणी म्हातारी प्रेमाने दूध घेऊन येते
आणि दारातूनच परत जाते, दूध त्यांना बाधतं.
मी विचारलं, "याचं नाव काय ठेवायचं?"
"आम्ही इथे नावं ठेवत नाही," वीबके म्हणाली.
"कुणालाच."
हे तिने कुठे पाहून म्हटलं,
ते मी पाहायला धजलो नाही.

मग म्हणाली, कुंपणाला भोक पाडा. तेरा बाय तेरा.
त्यांना एका रात्रीत दोन-दोन किलोमीटर हिंडायचं असतं,
तुम्ही सगळ्यांनी फळ्या ठोकल्यात.

माझ्या फळ्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या.
ओटमार क्रूझच्या प्लमच्या झाडावरून झालेलं भांडण.
बोट जाऊ देऊ नकोस, असं सुताराला बजावलं होतं मी,
आणि त्याने दिलं नव्हतं.
पण कुंपण हद्दीवर. विचारल्याशिवाय कापता येत नाही.

घंटा वाजवली. ओटमारचे केस गेले होते.
ऐकून घेतलं, आत गेला. मला वाटलं, संपलं.
करवत घेऊन बाहेर आला.
"तुझी बोथट असेल. तेव्हाही होती."
त्याने पेन्सिलीने चौदा आखले.
मी म्हटलं तेरा.
पाऊण तास वाद झाला, जुन्या आवाजात,
झाड मात्र त्यात आलं नाही.

दोनशे ऐंशी. तीनशे पाच. दोनशे नव्वद.
त्या दिवशी मी जेवलो नाही, हे कुणाला सांगितलेलं नाही.
तीनशे चाळीस. चारशे बारा.
नोव्हेंबरच्या शेवटी पाचशे सव्वीस, आणि
वीबकेने खोक्यावर झाकण ठेवलं, वाळल्या पानांनी भरून,
गच्चीवर, थंडीत.
बारातले सात एप्रिलमध्ये उठले.
माझा त्यात होता. माझा म्हणायचा नाही, ठाऊक आहे.

सोडला त्या रात्री मी गवतात पालथा पडून होतो,
गुडघ्यांनी परवानगी दिली नव्हती तरी.
भोकापलीकडे दोन सपाता,
एकीची टाच उसवलेली.

"आला का रे?" मी फळ्यांना विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग,
"एक आलाय. तुझाच असेल असं समजू नकोस."