दुधाच्या पिशवीचं अंतर

निपानियाच्या पुढच्या तिठ्यावर
तोसीफ सकाळी सहापासून बसलाय,
प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर तक्ता:
दुचाकी, चारचाकी, ई-रिक्षा, ट्रॅक्टर, इतर.
चार काड्या उभ्या, पाचवी आडवी,
जशी सरपणाची मोळी बांधावी.
इतरमध्ये काय आलं, विचारलं तर म्हणाला,
दोन हातगाड्या, एक उंट,
आणि एक नवरदेव,
पण घोडी मोजायची का, ते कुठे लिहिलेलं नाही.

मी वरच्या मजल्यावर, साइट ऑफिसात,
पंख्याखाली नकाशा दाबून धरते.
पिवळा म्हणजे राहायचं.
निळा म्हणजे विकायचं.
जांभळा म्हणजे धूर, तो गावाबाहेर.
हिरवा, उरला तर.

हा सत्तेचाळीस एकरांचा तुकडा
एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पिवळा,
काविळीसारखा.
चौदाशे घरं, दुकान एकही नाही.
जाहिरातीत याला शांतता म्हटलंय.
माझं काम एवढंच,
ही शांतता किती किलोमीटरची, ते काढायचं.

घरं गुणिले फेऱ्या,
फेऱ्या गुणिले अंतर,
अंतर गुणिले ग्रॅम.
सगळ्यात जवळचं दूध दोन किलोमीटर तीनशे मीटर,
जाऊन-येऊन चार पूर्णांक सहा,
अर्ध्या लिटरला.
कोथिंबीर विसरली की पुन्हा तेवढंच.
कोथिंबीर विसरण्याचा गुणांक कुठल्याच पुस्तकात मिळाला नाही.
मी शून्य पूर्णांक एक धरला,
आमच्या घरावरून.

मल्हारगंजात आमच्या खाली झमकलाल पोरवालचं दुकान होतं,
मागे पिठाची गिरणी, समोर शिलाईवाला,
वर आम्ही.
त्या गल्लीला रंग देता येणार नाही,
एक दुसऱ्यात उतरलेला,
धुताना साड्यांचे उतरतात तसा.
बाबा अनवाणी जाऊन दूध आणायचे,
चहाचं पाणी उकळायच्या आत.

हेही लिहायला हवं
की कचोरीवाल्याची भट्टी आमच्या खिडकीखाली होती
आणि आई बारा महिने खोकायची.
गुणगान करायला बसले नाहीये मी.
हिशोब करते आहे.

दुपारी, कुणी बघत नसताना,
पिवळ्याच्या मधोमध एक निळा ठिपका ठेवला.
एक किराणा, एक डेअरी, वर डॉक्टरची खोली.
यंत्र थोडं थांबलं, मग आकडा उतरला:
दिवसाला अडीच हजार किलोमीटर कमी.
म्हणजे इंदूरहून कन्याकुमारी,
वर परतीचा एक तुकडा.
रोज. दुधासाठी.

बक्षीसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
वाहतूक ठीक आहे, म्हणाले,
पण हवेच्या रकान्यात बघा,
बायपासचे ट्रक, बांधकामाची धूळ,
त्यात तुमचा ठिपका त्रुटीच्या आत बसतो.
आकडा खरा होता. मीच काढलेला.
त्रुटीच्या आत जे बसतं
ते छातीच्या आतही बसतं,
असं मी म्हणाले नाही.
तळटीप लिहिली. बारीक अक्षरात,
सात शब्दांची.
ठिपका पेन्सिलीचा होता, तो मात्र पुसला नाही.

साडेचारला चहाचं दूध संपलं.
स्कूटर काढली.
तिठ्यावरून गेले, तिठ्यावरून आले,
हुकाला लटकलेली पिशवी गुडघ्यावर घाम गाळत होती.
तोसीफनं मान वर न करता सांगितलं,
"मॅडम, आपको दो बार गिना है."

बरोबर आहे, म्हटलं, दाखव.

जातानाची मी चौथी होते, उभी.
येतानाची
आडवी.