निरोपांची वेळ

आठ वाजता राजधानीचं बातमीपत्र येतं,
मी ते वाचते एका सुरात:
तांब्याचा भाव, मंत्र्यांचा खुलासा,
उत्तरेच्या बंदरातला संप,
अंतिम सामन्याआधी दुखावलेला कुणाचातरी गुडघा.
अकरा मिनिटं. घड्याळ समोरच आहे.
मग पाण्याचा घोट, आणि निरोप.

‘लास हुंतासला, नोल्बेर्तोसाठी: लाँच शुक्रवारी नाही, सोमवारी.
पीठ जपून वापर.’
‘एदेल्मिराबाईंना: ऑपरेशन झालं. दिसतंय. एका डोळ्याने.’
‘रोसामेल ओयार्सो, सरोवराच्या टोकाला:
तुझी घोडी पलीकडच्या कुरणात सापडली.
सोबत शिंगरू आहे.’

नवी होते तेव्हा हसू दाबत वाचायचे.
आता एकवीस हिवाळे झाले.
डोंगरापलीकडची माणसं तांब्याच्या भावाला रेडिओ लावतच नाहीत,
बॅटरी जपतात.
आठ-अकराला बटण फिरवतात,
आपलं नाव येतंय का ऐकतात,
नाही आलं की बंद.
नाव न येणं हीही बातमीच. बहुधा चांगली.

पहाटे मी नदीकाठाने चालत स्टेशनवर येते.
वाटेत लेंगाची झाडं असतात, बेकरीचा धूर,
खांबावर बसलेला ससाणा, वारा तर असतोच.
दारात पोचेपर्यंत माझ्याजवळ उरतं
बुटात शिरलेलं पाणी.
बाकीचं कुणी खोडलं?
माझ्या आतही कुणीतरी बसलंय हेडफोन लावून,
अकरा मिनिटांत मावेल एवढंच जग पुढे सरकवत.
‘मी’ म्हणजे तो,
की तो ज्याला वाचून दाखवतो ती?
हे मी नवऱ्याला विचारलं एकदा.
तो म्हणाला, चहा घे.

पुढच्या आठवड्यांत रोसामेलला आणखी चार निरोप गेले.
लोकर घ्यायला माणूस येतोय.
बहीण विचारतेय, औषध मिळालं का.
शिंगराच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे.
शेवटचा नुसता: ‘रोसामेल, कळव.’

मग पोलीस गेला घोड्यावरून, दोन दिवसांची वाट.
खुर्ची चुलीजवळ. माणूस खुर्चीत.
तीन आठवडे झाले असावेत, म्हणाला, किंवा चार.
थंडीत नक्की सांगता येत नाही.
रेडिओचं बटण चालूवर, बॅटरी संपलेली.

म्हणजे शिंगराचं त्याला कळलं होतं, किंवा नव्हतं.
मी दिवस मोजून पाहिले, कॅलेंडरवर, पेन्सिलीने.
जमत नाही.
एवढं खरं, की काही दिवस तो फक्त माझ्या आवाजात जिवंत होता,
आणि त्या खोलीत ऐकणारं एकच जण होतं,
फळीखाली, कान टवकारून.

राजधानीला कळवलं.
फोनवर एक पोरगा होता, सभ्य.
वय? कारण? काही विशेष?
म्हटलं, घोडी व्याली.
तो थांबला. टाइप करत नव्हता, हे ऐकू आलं.

कुत्रं आता पोलिसाकडे असतं.
तो सांगतो, सकाळी तुमचा आवाज लागला
की उठून दारापाशी जातं.
तांब्याच्या भावालाच जातं.
त्याला काय, सगळा एकच आवाज.

सोमवारी अकरा मिनिटं झाली, पाणी प्यायले,
कागदाकडे न बघता म्हणून गेले,
‘सरोवराच्या टोकाला’
आणि पुढे काही आलं नाही.
काचेपलीकडून दोन हात हलले.
नोंदवहीत नंतर पाहिलं, साहेबांचं अक्षर:
तांत्रिक बिघाड, चार सेकंद.

‘नोल्बेर्तो,’ मी वाचलं,
‘लाँच सुटली. पीठ येतंय.’