कापा

पावतीवर माझं नाव कन्नडात आहे,
कुमुदिनीचं कुमदनी झालेलं.
मी दुरुस्त केलं नाही.
एकतीस वर्षं पोस्टात काढली,
चुकलेल्या नावांचीही पत्रं पोचतात.

आम्ही सातजण, एक जीप,
आणि ती चालवणारा, वाट दाखवणारा फोंडू मिराशी.
हुबळीचं नवं जोडपं,
निपाणीचे देसाई मास्तर, भर मे महिन्यात कानटोपीसकट,
कॅमेऱ्याच्या पिशव्या लेकरांसारख्या सांभाळणाऱ्या दोन मुली,
मी, आणि मला बळेच घेऊन आलेली भाची.
गेटवर फोंडूनं नियम सांगितले,
कन्नडात, मराठीत,
मग मुलींकडं बघून इंग्रजीत, थोडक्यात.
इथलं कायबी उचलायचं नाही.
इथं कायबी सोडायचं नाही.
वाघ दिसंल असं मी म्हणत नाही,
खरं तुमी त्याला दिसशीला.

सकाळभर तो आम्हाला रान वाचून दाखवत गेला.
गव्याचा खूर, चिखलात वाळून पणतीसारखा झालेला.
अस्वलानं ओरबाडलेली साल.
शेकरूची तीन घरटी:
"एकात राहतंय, दोन फसवायला."
धनेशाच्या पंखांचा आवाज आधी आला,
कुणी ओलं लुगडं झटकावं तसा,
धनेश मागून.
मास्तर सगळं वहीत उतरवत होते,
फोंडूचे शब्द शुद्ध करून.

महादयीत घोट्याएवढं पाणी.
पलीकडं वाट उगाचच रुंद झाली
आणि फोंडू पहिल्यांदा गप्प.
चार जोती. जात्याची नुसती तळी.
तुळशीच्या कट्ट्यात तेरड्याचं वाळकं खोड.
"हे काय आहे?" हुबळीच्या नवऱ्यानं विचारलं,
देवळात विचारतात तशा आवाजात.
"हे आमचं न्हाणीघर," फोंडू म्हणाला,
"इथनं तुमी उभारलाय तिथवर सैपाकघर."
आम्ही सगळे एक पाऊल मागं सरलो.
पायांत बूट होते.

मागं फणस, बुंध्यापासून लगडलेला.
फोंडूनं एकेकाला टिचक्या मारल्या, कान लावला,
एक उतरवला, कंबरेचा कोयता काढला.
"नियम," देसाई मास्तर म्हणाले.
हळू म्हणाले, खरं म्हणाले.
"मास्तर, हे झाड रानाचं न्हवं, बानं लावलेलं.
मोजायला आल्ते तवा ह्येला फळ नव्हतं,
म्हणून कागदावर घेतलंच नाहीत.
आता अस्वल खातंय.
त्याला कोण पावती मागतंय?"

खोबरेल तेलाची बाटली त्याच्या खिशातच होती,
म्हणजे हे काही आजचं नव्हतं.
कापा निघाला. गरे असे करकरीत
की बराच वेळ कुणी कुठल्याच भाषेत बोललं नाही.
मास्तरांनी नऊ खाल्ले. मी मोजले.
"बिया हितंच टाका," फोंडू म्हणाला,
"तेवढं सोडलं तर चालतंय."

परतताना गेटवर पोरसवदा गार्ड, खिडकीत वाकलेला.
"एनादरू तंदीरेनु?"
जन्म बेळगावात गेला माझा.
भाजी, बस, बदलीचे अर्ज,
सगळं निभावलं त्या भाषेत,
खोटं मात्र पहिल्यांदाच बोलले:
"एनू इल्ल्री."
जीप फणसानं घमघमत होती.
सीटा, कॅमेऱ्यांचे पट्टे, मास्तरांची कानटोपी.
त्यानं एक मोठा श्वास घेतला.
फोंडूकडं पाहिलं.
फोंडूनं आरसा नीट केला, नीटच असलेला.
आणि दांडा वर गेला.

मुठीतली बी
अनगोळच्या गॅलरीत आहे, तेलाच्या जुन्या डब्यात.
दुसऱ्या मजल्यावर फणस कुणी लावतं का, भाची विचारते.
अजून कोंब नाही. बोट घालून उकरायचा मोह होतो,
उकरत नाही.
डब्यावर सवयीनं मी लिहून टाकलंय:
प्रेषक, फोंडू मिराशी.
खाली मुक्कामाची ओळ आखली,
आणि पेन तसंच धरून बसले.