रिकाम्या गाडीचं वजन

जिनिंगच्या फाटकाशी बाबांची केबिन आहे.
भरलेली गाडी काट्यावर चढते,
कापूस उतरवून येते तेव्हा पुन्हा एकदा.
दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल,
बाकी सगळं लोखंड,
असं बाबा म्हणतात आणि पावती फाडतात.

पैनगंगेपलीकडचं राज्य आमच्या गच्चीवरून दिसतं.
तिथल्या मिरच्या आम्ही खातो,
तिथले ड्रायव्हर बाबांना अन्ना म्हणतात,
आत्याचं सासर तिकडचं, तिची म्हैस तेलुगूच समजते.
पण विद्यापीठ काही त्या काठावर नाही.
रात्रभर गाडी चालली की मग ते येतं.
सरकारी आहे, आत तलाव आहे म्हणे,
आणि त्याच्या यादीत मी आहे:
आचल बंडू निब्रड, भूगर्भशास्त्र, पाच वर्षं.
जागा पक्की करायची मुदत आज रात्री बारापर्यंत.

"जमिनीखालचं शिकाले इतक्या लांब?" काका हसले.
"कोयसा तर आपल्या संडासाखाली हाये!"
खरं आहे. दुपारी खाणीत सुरुंग उडतो
आणि आईच्या मांडणीवरचे पेले किणकिणतात.
पण कोळसा व्हायच्या आधी तिथे काय होतं,
हे कुणाला विचारावं, ते मला इथे सापडलं नाही.

ढवस सर म्हणाले, जा.
मग म्हणाले, यवतमाळलाही बीएस्सी आहेच.
मग चष्मा पुसत बसले.
सेतू केंद्रातल्या पोराला विचारलं,
इथली शिष्यवृत्ती तिथे चालते का?
तो म्हणाला, फॉर्मात तसा रकानाच नाही.

आईनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला:
फी, मेस, गाडीभाडं दोनदा, बादली, गादी,
आणि सगळ्यात खाली, बेरजेत न धरलेलं,
'ताप आला तर'.
त्या ओळीपुढे आकडा नव्हता.
शेजारी यवतमाळ. अर्धं तिकीट, मामाकडे जेवण,
शनिवारी घरी.
ते पान मी दोनदा वाचलं आणि मला राग आला,
कारण त्यात चूक सापडेना.

संध्याकाळी डबा घेऊन गेले.
हंगाम संपलाय, काट्यावर आता भंगार येतं, कधी सरकी.
लहानपणी मी त्यावर उभी राहायचे.
काटा दहाच्या पटीतच बोलतो.
कितीतरी दिवस मी वीस होते, मग एकदम तीस,
मधली मी कुठेच लिहिलेली नाही.

आज उभी राहिले. लाल आकड्यांत पन्नास.
"बाबा, पाच वर्षांनी परत आले
आणि फरक नऊच किलो निघाला तर?"
बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.
"थो फरक काटा नाई दाखवत.
म्हनून का माल नसते?"
आणि भाकर मोडता मोडता, जरा वेळानं,
"पन नऊ किलोचे पैसेही कोनी देत नाई, पोरी."

पावणेबाराला आम्ही तिघं पाण्याच्या टाकीखाली.
नेटवर्क तिथेच येतं.
आईच्या हातात टॉर्च, काखेत वही.
ओटीपी बाबांच्या फोनवर आला.
पावतीवरचे आकडे वाचतात तसे ते वाचू लागले,
एकेक, समोरच्यानं नीट उतरवून घ्यावं म्हणून.
चार. शून्य. नऊ. सात.
थांबले.
माझा अंगठा तसाच.
टाकीतून कुठेतरी थेंब गळत होता.

"गादी घरूनच नेजो," बाबा म्हणाले.
"तिकडे कापूस कसा भरून देतीन,
काई भरोसा नाई."

मग उरलेले दोन आकडे सांगितले.