चीक

मी आरेतल्या गोठ्यावर वाढले.
म्हैस व्यायली की अण्णा रात्रभर जागे,
तोंडात न पेटवलेली विडी,
आणि पारडू धडपडत उभं राहीपर्यंत
बादलीला कुणी हात लावायचा नाही.
आधी ते पिणार, पोट टम्म होईस्तोवर.
मग उरलंसुरलं आमचं:
आई गूळ-वेलदोडा घालून खरवस उकडायची,
आम्ही भावंडं वड्या मोजून भांडायचो.

एवढं सगळं माहीत असलेली मी
परळला, पालिकेच्या इस्पितळात, खाट सतरा,
एकोणीसशे ग्रॅमची मुलगी छातीशी धरून बसले
आणि विसरले.

कारण आलं ते दूध वाटेचना.
चार थेंब. पिवळे, चिकट.
सासूबाई म्हणाल्या, गढूळ आहे, पिळून टाक,
पांढरं येईस्तोवर मध चाटव.
पिशवीतून बाटली निघाली, महाबळेश्वरची, सीलबंद.

सिस्टर डिमेलोंनी ती उचलून खिडकीत ठेवली.
"मध नाय, पाणी नाय, काय नाय.
हा तिचा पहिला डोस. दुकानात मिळत नाय."
माझे आखडलेले खांदे खाली दाबले,
पोरीनं मोठ्ठा आ करेपर्यंत थांबवलं,
"नुसतं टोक नको गं, काळा भाग जाऊ दे आत."

आणि ओढ लागली.
ओटीपोटात अशी कळ, वाटलं पुन्हा सुरू झालं.
"चांगलं हाय," सिस्टर म्हणाल्या,
"पिशवी आवळते. रक्त कमी जाणार.
ती तुझंपण काम करते, बघ."
एकोणीसशे ग्रॅम,
आणि आल्या आल्या कामाला.

रात्री मधाच्या बाटलीवरून
उड्डाणपुलाचे दिवे सरकत होते.
सासूबाई स्टुलावर. बराच वेळ गप्प.
मग पंख्याकडे बघत म्हणाल्या:
"जयेंद्रच्या वेळी माझी चोळी भिजायची.
आत्याबाई म्हणाल्या, टाक.
तीन दिवस मोरीत पिळला मी.
तो पलीकडे भुकेनं रडत होता
आणि मी तांब्यानं वरून पाणी ओतत होते."

'तुम्हाला कुठे ठाऊक होतं' असं काहीतरी पुटपुटले,
जे खरं होतं आणि उपयोगाचं नव्हतं.
मग अण्णांचं सांगितलं. विडी, बादली, पारडू.
त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

चौथ्या दिवशी पान्हा असा फुटला
की गाऊन, चादर, उशी, सगळं चिंब.
पोर दमून अर्ध्यात झोपायची.
उरलेलं वाटीत काढून चमच्यानं पाजायचं काम
सासूबाईंनी मागून घेतलं.
शेवटी वाटीच्या कडेनं बोट फिरवत,
तेवढंही तिच्या ओठाला लावत.

त्या संध्याकाळी खाट अठरावर
नव्या बाळंतिणीची आई म्हणाली,
"पिवळं आहे गं, टाकून दे."
सासूबाई स्टुलावरून उठल्या, पदर खोचला.
"आमच्या सुनेचे वडील म्हशीवाले.
त्यांना विचारा हवं तर.
पारडू आधी."

अण्णांना जाऊन सात वर्षं झाली.
मी काही बोलले नाही.
कूस बदलली,
दुसऱ्या बाजूला घेतलं.