फ्यूज नसलेली नळी

ग्रिम्सबी. मंगळवार दुपार.
दुकानात हीटर आणि मी, दोघंच गुरगुरत.
बार्क्रॉफ्ट आला. कोटाच्या खिशातून
आधी किल्ल्या निघाल्या, मग चिल्लर,
आणि त्या चिल्लरीत लोळणारी बॅटरी,
कमरेपाशी साल सुटलेली.

अहो, हिला किल्ल्यांबरोबर ठेवता?
म्हणाला, त्यांचं जमतं, लव्ह. अजून भांडल्या नाहीत.

मग त्याने नळी काउंटरवर उभी केली.
पितळेची, बंबाच्या तोटीसारखी जड.
आत चिप नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही,
थांब म्हणणारं कुणीच नाही.
बुडाशी बटण. दाबलं की वीज सरळ तारेत,
तार लाल, आणि गोड धुराचा ढग
गोदीवरच्या धुक्याला लाजवेल असा.

त्याला नवी बॅटरी हवी होती. नवी म्हणजे
बाजारातल्या गाड्यावर बघून आलेली, जांभळी,
अंगावर विजेचं चित्र, आकडा नऊ हजार नऊशे.
नमुना म्हणून एक घेऊनच आला होता.
मी ती पार्सलच्या काट्यावर ठेवली.
चौतीस ग्रॅम.
शेजारी आमची हिरवी, मुकाट, वीस अँपियरची.
सत्तेचाळीस.

आमच्याकडे म्हणतात, मी सांगू लागले,
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.
सोनुबाईपर्यंत तो आला,
कथलाशी अडला.
कथलात काय वाईट? म्हणाला.
या गावानं पन्नास वर्षं मासे त्यातच भरले.

पावतीच्या पाठीवर मी भागाकार मांडला.
भरलेली बॅटरी चार पॉइंट दोन,
तुमच्या तारेचा रोध पॉइंट पंधरा,
म्हणजे अठ्ठावीस अँपियर मागता तुम्ही
वीस देणारीकडे.
तार बदला. पाव ओहमच्या खाली उतरू नका.
आणि साल फाटलेली ही परत आत घालू नका,
या नळीत फ्यूज नाही, बार्क्रॉफ्ट.
फ्यूज तुम्ही.

तो हसला. आवाज माझाच चढला होता.

इचलकरंजीत माझे बाबा वायरमन.
खिशाला टेस्टर, कानामागे पेन्सिल,
जगाच्या बोर्डांना नियमाची तार,
आणि घरच्या बोर्डात, ताईच्या हळदीला दिवे सारखे जातात म्हणून,
तांब्याची जाड दुपदरी.
आता बघू कशी जाते, म्हणाले.
गेली नाहीच ती. तेवढी एकटी राहिली.
मीटर गेलं, मांडवाची एक बाजू गेली,
बाबांची डावी भुवई गेली,
आणि तीन दिवस घरात कुणी त्यांना
काही विचारलं नाही.

हे मी त्याला सांगितलं नाही.
हिरवी दिली. वर प्लॅस्टिकची डबी, एक पौंड.
डबीसाठी त्याने दहा मिनिटं घासाघीस केली,
बॅटरीच्या किमतीला मात्र हूं की चूं नाही.
शेवटी पौंड मीच गल्ल्यात टाकला.
जुनीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून
ती परतीच्या डब्यात सोडली.
जांभळी त्याने परत खिशात घातली.
गाडीवाल्याच्या तोंडावर मारायला, म्हणाला.

नवी तार मी बसवली. त्याने बटण दाबलं,
एक, दोन, सोडलं.
आणि मग नळीला त्याने
बोटांची मागची बाजू लावली,
तळवा नाही, मागची बाजू,
अगदी अलगद, ताप आलेल्या पोराच्या
कपाळाला लावावी तशी.

बाबा प्रत्येक बोर्डाला असाच हात लावायचे.
तळव्यानं धरलं तर वीज मूठ सोडू देत नाही, पोरी.

हे कुणी शिकवलं? मी विचारलं.
कुणी नाही, म्हणाला.
डबी कोटाच्या आतल्या खिशात, बटण लावून.
किल्ल्या दुसऱ्या.