मूळ प्रत

शिवाजीनगर कोर्टापासून कामगार पुतळ्याकडे जाताना
उजव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान. सात बाय नऊ.
आत दोन मशिनं, एक संगणक, एक सोपान
आणि काचेवर माझ्याच अक्षरात :
मूळ प्रत नेण्यास विसरू नये.
विसरल्यास आम्हांस विचारू नये.

पूर्वी सातबारे यायचे, भाडेकरार यायचे,
जन्माचे आणि मरणाचे दाखले एकाच पिशवीतून.
आता लोक फोन पुढे करतात,
काका, एवढं प्रिंट करा. कलर नको.
भांडणाला काळं-पांढरं चालतं.

मी वाचत नाही, असं मी सांगतो.
पण समास बसवताना डोळे जातातच :
बॅटरी अकरा टक्के, रात्रीचे दोन चाळीस,
आणि कुणीतरी कुणालातरी विचारलेलं,
झोपलास का.

मार्चमध्ये खळदकर वकिलांचा पोरगा आला.
एकच पान, तीन प्रती.
काळ्यावर पांढरी पाच वाक्यं,
वर गोल फोटो, शेजारी बारीक : ७ तास.
हे हिरव्या कड्यातलं असतं, सोपानने मला समजावलं,
फक्त जवळच्यांसाठी. चोवीस तासांत जातं.
म्हणजे अजून सतरा तासांनी
ते गेलंच असतं,
दुकानापुढे मी सकाळी मारतो त्या सड्यासारखं,
उन्हं आली की फरशीला आठवतसुद्धा नाही.
पण जवळचे होते एकतीस.
त्यातल्या एकाने दोन बटणं एकदम दाबली.

काय लिहिलं होतं ते सांगणार नाही.
एवढंच, की नवऱ्याला शिवी नव्हती.
लेकराचा कंटाळा आला होता तिला,
एका रात्रीपुरता.
पोराने पिवळ्या मार्करने नेमकं तेच वाक्य रंगवलं.
निशाणी एकोणीस, म्हणाला.
आणि त्याआधी म्हणाला होता,
काका, खालची ओळ कापा, उगाच जागा जाते.
मी कापली.
दिवसाला शंभरदा कापतो.

एप्रिलात, बाराच्या टळटळीत उन्हात,
एक बाई गाडी लावून आत आली,
तोंडाला स्कार्फ, पुण्यातल्या सगळ्याच बायकांचा असतो तसा,
नुसते डोळे.
तो सोडला तेव्हा मी गोल फोटो ओळखला
आणि कागदाचं रीम उगाच फोडायला घेतलं.

खळदकरांचं एक पान इथे छापलंय, त्याची प्रत मिळेल?
दुसऱ्याचे कागद आम्ही देत नाही.
दुसऱ्याचं नाहीये. मी लिहिलंय ते.
मग तुमच्या फोनात असेल की.
नाही, म्हणाली. जावं म्हणूनच लिहिलं होतं.
माझ्याकडेच नाही.
जज्जसाहेबांकडे आहे, त्यांच्या वकिलांकडे आहे,
माझ्या जावेला तर पाठ आहे.
शेवटी मी अजून काहीतरी लिहिलं होतं, काका.
आठवत नाही.
खूप प्रयत्न केला. आठवतच नाही.

पंखा फिरत होता. सोपान चहा सांगायला गेला,
त्याला कळतं कधी जायचं ते.
मी संगणकावरचं ते फोल्डर उघडलं
जे दर शनिवारी रिकामं करतो, असं गिऱ्हाइकांना सांगतो.
परक्यांची वर्षभराची माणसं होती त्यात :
हिशेब, बरगड्यांचे एक्स-रे, माफ्या.
मार्च. सोळा तारीख.
न कापलेलं.

मशिनने ते पान सावकाश बाहेर ढकललं, कोमट.
तिने उभ्याउभ्याच खालची ओळ वाचली.
मग पुन्हा.
ती ओळ तिची आहे, मी सांगणार नाही.

किती झाले?
राहू द्या.
नाही, घ्या. आणि पाचचं नाणं काचेवर ठेवलं.
आता पुसून टाका हे तुमच्याकडून, म्हणाली.
मी बोट कळीवर नेलं.
खात्री आहे का, संगणकाने विचारलं, तो सगळ्यांनाच विचारतो.
तेवढ्यात ती म्हणाली,
नको. थांबा.
सोमवारी तारीख आहे.

मग कागदाची चार घडी, पर्स, पुन्हा स्कार्फ,
पुन्हा नुसते डोळे.
मूळ प्रत घेतलीत ना, मी सवयीने विचारलं.
गाडी सुरू करता करता
ती माझ्याकडे पाहत राहिली
आणि मागून पीएमटीवाला हॉर्न देत राहिला.